भर उन्हातले पक्षी आणि मॅन्युअल एक्सपोजर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लेन्स १५०-६०० मिलिमीटरची, एफ ५ ते ६.३ (एफचा आकडा जितका लहान, तितकं ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक, मोठं). आतापर्यंत ॲपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवायचं आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने, काम चाललं होतं. उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला बगळे पांढरेफटक जळाले आणि आकाशातले पाणकावळे नुसत्या काळ्या आकृत्या झाले. सोबतच्यांनी 'मॅन्युअल शिका' म्हणून सांगितलं, तेव्हा तुम्ही एम (मॅन्युअल) मोडवर आलात, शटर १/२००० सेकंद, ॲपर्चर ६.३ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो ठेवलंत. फोटो तसेच आले. मग कोणीतरी सुचवलं म्हणून स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या एका ठिपक्यापुरताच प्रकाश मोजणं) केलंत, तर एका फोटोत बगळा करडा, पुढच्यात जळालेला. आता कडक उन्हात नेमकी सेटिंग कोणती आणि पक्षी उडाल्यावर ती बदलायची कशी, हे तुम्हाला हवंय. शिवाय अकरानंतर काढलेले रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो मऊ आले, असंही तुम्ही लिहिलंय.

आधी आयएसओ ऑटोचं बघू, कारण सगळा घोळ तिथे आहे. ते चालू असेल तर तुम्ही मॅन्युअलवर आलेलाच नाही. शटर आणि ॲपर्चर तुम्ही बांधलंत, पण फोटो किती उजळ यायचा हे अजूनही कॅमेऱ्याचं मीटरच ठरवतंय, फक्त शटरऐवजी आयएसओ फिरवून. म्हणून ॲपर्चर प्रायॉरिटीत जे होत होतं तेच झालं. आयएसओला हाताने आकडा द्या. निकॉन असेल तर मेन्यूमध्ये जाऊन ऑटो आयएसओ बंद आहे ना, हेही पाहा. ते चालू राहिलं तर तुम्ही दिलेला आकडा फक्त किमान मर्यादा ठरतो आणि कॅमेरा त्याच्या वर आपल्या मनाने जात राहतो. वापरणाऱ्याला वाटतं आपण आयएसओ ४००वर आहोत, आणि घरी येऊन बघावं तर फोटो १६००चे.

आता मीटर असं का वागतं ते. सकाळी अकराची वेळ, बांधालगत म्हैस चरतेय, तिच्या पाठीवर गायबगळा. फ्रेममध्ये म्हैसच जास्त. मीटरला समोर काळोख दिसतो, ते म्हणतं प्रकाश कमी आहे, शटर १/१००० करा. बगळा जळतो. बगळा उडतो आणि मागे हिरवा ऊस येतो. आता मीटर म्हणतं १/२५००. बगळा आणखी वर जातो, मागे क्षितिजालगतचं पांढुरकं आकाश. मीटर म्हणतं १/६४००, आणि बगळा मळकट करडा. तीन सेकंदांत तीन सल्ले. या तीन सेकंदांत सूर्य होता तिथेच होता आणि बगळ्यावर पडणारं ऊनही तेवढंच होतं. बदलली ती फक्त पार्श्वभूमी.

कॅमेऱ्यातलं मीटर समोरच्या वस्तूंवरून परतून आलेला प्रकाश मोजतं, आणि समोरचं सगळं मिळून मध्यम उजळ असणार असं धरून चालतं. म्हैस काळी आहे आणि बगळा पांढरा आहे, हे त्याला माहीत नसतं. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत मीटर फोकस पॉइंटकडे थोडं झुकतं, त्याने चूक कमी होते, पण गृहीतक तेच राहतं. स्पॉट मीटरिंगने तुमचं बिघडलं त्याचं कारणही हेच आहे. ठिपका बरोबर बगळ्यावर बसला तर मीटर त्या पांढऱ्याला मध्यम करडा करून टाकतं, आणि उडत्या पक्ष्यावरून ठिपका सरकून मागच्या झाडीवर गेला तर बगळा जळतो. बसलेल्या, न हलणाऱ्या पक्ष्यासाठी स्पॉट ठीक आहे. उडत्या पक्ष्यासाठी मला तरी त्याचा काही उपयोग दिसत नाही.

म्हणून उन्हात मोजायचं ते पक्ष्यावर पडणारं ऊन. मागे काय आहे ते सोडून द्यायचं. आणि निरभ्र आकाशातलं ऊन मोजायला यंत्र लागतच नाही, कारण ते जवळजवळ ठरलेलं असतं. फिल्मच्या काळात कोडॅकच्या खोक्यावर एक छोटं कोष्टक छापलेलं असायचं. स्वच्छ ऊन असेल तर ॲपर्चर एफ १६, आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं. फिल्म १००ची तर १/१००च्या आसपास, ४००ची तर १/४००. ज्यांच्या कॅमेऱ्यात मीटरच नव्हतं अशी कितीतरी माणसं या एका ओळीवर आयुष्यभर फोटो काढत आली. सूर्य तोच आहे, त्यामुळे नियम डिजिटलवरही चालतो.

पक्ष्यांसाठी एफ १६ आणि १/४०० काही कामाचं नाही, म्हणून ते आपल्या लेन्सच्या भाषेत आणू. एफ १६वरून एफ ६.३ वर आलात की दोन पूर्ण स्टॉप आणि वर दोन तृतीयांश एवढा प्रकाश जास्त आत येतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). तेवढाच शटरने कमी करायचा. आयएसओ ४००ला १/४०० होतं, ते १/२५०० झालं. म्हणजे तुमच्या लेन्सचा उन्हातला पायाभूत आकडा हा: एफ ६.३, शटर १/२५००, आयएसओ ४००. एफ ८ वर जायचं असेल तर आयएसओ ८०० आणि १/३२००. ज्यांची लेन्स एफ ५.६ची आहे त्यांना आयएसओ ४००ला १/३२००. यातला एक संच पाठ करा, बाकीचे क्लिक मोजून काढता येतात. बहुतेक कॅमेऱ्यांत डायलची एक क्लिक म्हणजे एक तृतीयांश स्टॉप, तीन क्लिकचा एक स्टॉप.

यात एक छोटी दुरुस्ती. मोठ्या झूम लेन्समध्ये काचा पुष्कळ असतात, त्यामुळे छापलेल्या एफ आकड्याइतका प्रकाश सेन्सरपर्यंत पोचत नाही. बऱ्याच लेन्सना म्हणून एक क्लिक उजळ लागते, म्हणजे १/२५००च्या जागी १/२०००. तुमच्या लेन्सला लागते का, ते तुम्हालाच एकदा बघावं लागेल. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायची जादा भिंगाची जोड) लावलात तर मात्र वेगळा हिशोब करू नका. १.४चा कन्व्हर्टर एक स्टॉप खातो हे खरं, पण कॅमेरा एफचा आकडा दाखवताना तो धरूनच दाखवतो. दिसतो त्या आकड्यावर नियम लावा.

तुमच्या लेन्सची आणखी एक खोड लक्षात असू द्या. १५०ला ती एफ ५ आहे, ६००ला एफ ६.३. मॅन्युअलवर तुम्ही १५०ला एफ ५ ठेवून हिशोब केलात आणि मग झूम पूर्ण लांबवलंत, तर ॲपर्चर आपोआप ६.३ होतं आणि फोटो दोन क्लिक गडद येतो. सुरुवातीलाच ६.३ ठेवलंत तर ते सगळीकडे ६.३च राहतं. मी तर म्हणेन ७.१ ठेवा. या जातीच्या झूम लेन्स ६००ला किंचित बंद केल्यावर जास्त धारदार होतात, आणि उन्हात प्रकाशाची ददात नाहीच. तेव्हा आयएसओ ५००, १/२५००, एफ ७.१.

हा पायाभूत आकडा कोणत्या पक्ष्याला लागू? ज्याचा रंग फार पांढरा नाही आणि फार काळा नाही, त्या सगळ्यांना. राखी बगळा, चक्रवाक, पट्टकादंब, वेडा राघू, नीलपंख, घार, माळावरचा धाविक. यांच्यासाठी डायलला हात लावायची गरज नाही. मागे पाणी असो, बाभूळ असो की आकाश.

पांढऱ्या पक्ष्यासाठी दोन क्लिक गडद करायचं, १/२५००वरून १/४०००. कारण पायाभूत आकड्यावर पांढरी पिसं सेन्सरच्या वरच्या टोकाला जाऊन टेकतात. ती 'पांढरी' दिसतात, पण आतली रेघ न् रेघ गेलेली असते. मोठा बगळा, छोटा बगळा, चमचा, नदी सुरय, कुरव, सगळे यात आले. ऊन फारच कडक असेल, पाऊस पडून गेल्यावर हवा धुतल्यासारखी असेल, तर तीन क्लिक. काळ्या पक्ष्यासाठी उलट, दोन क्लिक उजळ, १/१६००. पाणकावळा, कोतवाल, मोर शराटी. पाणकावळ्याच्या पाठीवर खवल्यांसारखी नक्षी असते आणि डोळा पाचूसारखा हिरवा. हे दिसायला हवं असेल तर त्या दोन क्लिक लागतातच. मागचं आकाश पांढरं पडेल. पडू द्या. पाणकावळा आकाशासाठी काळा ठेवण्यात काही अर्थ नाही.

इथे लोक हमखास अडखळतात. ऑटोच्या सवयीत त्यांनी ऐकलेलं असतं की पांढऱ्या पक्ष्याला कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबापेक्षा मुद्दाम उजळ-गडद करण्याची सोय) प्लस द्यायचं आणि काळ्याला मायनस. मी उलट सांगतोय असं वाटतं. दोन्ही बरोबर आहे. ऑटोमध्ये तुम्ही मीटरची चूक दुरुस्त करत असता. फ्रेमभर बगळा असला की मीटर त्याला करडा करतं, म्हणून प्लस. मॅन्युअलमध्ये तुम्ही मीटरला विचारलेलंच नाही, उन्हाच्या आकड्यावरून निघाला आहात, आणि सेन्सरची वरची मर्यादा सांभाळण्यासाठी पांढऱ्याला थोडं खाली आणताय. त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधली मीटरची पट्टी आता नाचेल. म्हशीवर मायनस दोन दाखवेल, आकाशावर प्लस दीड. तिच्याकडे बघायचं नाही. पहिल्या काही दिवसांत हेच सर्वांत अवघड जातं. बोट आपोआप डायलकडे जातं आणि पट्टी मध्यावर आणून ठेवतं, आणि तुम्ही पुन्हा होतात तिथेच.

दुरंगी पक्ष्यांना काय करायचं? शेकाट्या, कवड्या धीवर, चित्रबलाक, ब्राह्मणी घार. नियम सोपा आहे. जळणारा भाग वाचवायचा, म्हणजे पांढऱ्याचा आकडा लावायचा. काळा भाग रॉ फाइलमधून (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून) दीड-दोन स्टॉप वर उचलता येतो, आजच्या सेन्सरवर तर सहज. पांढरा पूर्ण जळाला तर मागे काही उरत नाही, स्लायडर ओढला की सपाट करडा ठिगळ मिळतं. ब्राह्मणी घारीचं तांबूस अंग थोडं गडद आलं तरी चालतं, पण पांढऱ्या छातीवरच्या बारीक काळसर रेघा गेल्या तर फोटो गेला. जेपेगच काढत असाल तर ही मोकळीक फार थोडी आहे. मॅन्युअल शिकायच्या काळात रॉ चालू ठेवा.

आता भिगवणच्या रोहितांचं. रोहित पांढऱ्यांत मोडतो की रंगीतांत, हा खरा प्रश्न आहे. बसलेला मोठा रोहित जवळजवळ पांढरा असतो, पंख उघडले की आत गुलाबी-लाल आणि काळा. त्याला पांढऱ्याचा आकडा द्याच, पण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघताना एकत्रित आलेख बघू नका, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा बघा. एकत्रित आलेखात सगळं आबाद दिसतं आणि लाल वाहिनी उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेली असते. मग गुलाबी पंखांवर पिसांची घडी दिसत नाही, रंगाचा एकसंध पट्टा दिसतो. ठाणे खाडीतले लहान रोहित तर जास्तच गडद गुलाबी, तिथे हे हटकून होतं. निखाराचा नारिंगी आणि हळद्याचा पिवळा यांचं दुखणं तेच. हळद्यात लाल आणि हिरवी दोन्ही वाहिन्या एकदम चढतात. अशा भडक रंगांना पायाभूत आकड्यापेक्षा एक क्लिक गडद ठेवलं की पुरतं. आणि व्हाइट बॅलन्स डेलाइटवर बांधून टाका. ऑटोवर असेल तर पार्श्वभूमी बदलली की रंग बदलतो, आणि त्याबरोबर या वाहिन्यांचे आलेखही हलतात. आज जळालं होतं की नव्हतं, तेच कळत नाही.

आता 'ऊन ठरलेलं असतं' हे किती वेळ खरं, ते बघू. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने ऊन दुपारच्या तुलनेत तीनेक स्टॉप कमी असतं, तासाभराने दीडेक स्टॉप. हा काळ भराभर बदलण्याचा. दर दहा मिनिटांनी एक चाचणी फोटो घेऊन शटर वाढवत न्यावं लागतं. साधारण सव्वानऊनंतर ते स्थिरावतं आणि दुपारी चारपर्यंत सगळा फरक अर्ध्या स्टॉपच्या आसपास राहतो. या सहा-सात तासांत आकडा एकदा ठरला की ठरला. उजनीच्या फुगवट्यावर जानेवारीत धुकं उशिरापर्यंत रेंगाळतं, तेव्हा ही वेळ तासभर पुढे जाते. एप्रिल-मेमध्ये हवेत धूळ असते, आकाश निळं न राहता पांढुरकं होतं, तेव्हा एक ते दोन क्लिक जास्त उजळ लागतात.

किती ऊन आहे एवढंच बघून चालत नाही, ते कुठून येतंय हेही बघावं लागतं. वरचे सगळे आकडे सूर्य तुमच्या पाठीशी असताना आहेत. तुमची सावली पक्ष्याकडे पडली पाहिजे, ही सर्वांत सोपी खूण. सूर्य बाजूला गेला की पक्ष्याची अर्धी बाजू सावलीत जाते, तिथे एक ते तीन क्लिक उजळ करावं लागतं, पण उन्हातली बाजू पांढरी असेल तर तेवढीही मोकळीक नाही. सूर्य समोर असेल तर पायाभूत आकडा विसरा. तो वेगळ्या प्रकारचा फोटो आहे. एकतर स्वच्छ काळी आकृती करा, नाहीतर दोन स्टॉप उजळ करून मागचं सगळं जाऊ द्या.

दलदली भोवत्या किंवा घार डोक्यावर घिरट्या घेते तेव्हा याचाच गोंधळ होतो. अर्ध्या वर्तुळात तिच्या अंगावर ऊन असतं, उरलेल्या अर्ध्यात आपल्याकडची बाजू सावलीत. लोक वर्तुळाबरोबर डायल फिरवत बसतात आणि दोन्ही बाजू हुकवतात. आकडा उन्हातल्या बाजूचा ठेवा, ती बाजू समोर आली की बटण दाबा, पलीकडे गेली की कॅमेरा खाली करा. पंखांची खालची बाजू उजळायला जमिनीवरून उसळलेला प्रकाश लागतो, आणि तो कुठे किती मिळतो यात फार फरक पडतो. कोकणातल्या फिकट वाळूवरून समुद्रगरुड गेला तर त्याचं पोट छान उजळलेलं असतं. तसाच पक्षी काळ्या नांगरलेल्या रानावरून गेला तर खालून काहीच उसळत नाही. वाळलेल्या पिवळ्या गवताचा माळ या बाबतीत फार चांगला. सासवड-सुप्याच्या बाजूला हिवाळ्यात भोवत्यांचे फोटो इतके उजळ येतात, त्यात या गवताचा वाटा मोठा आहे.

ऋतूही इथेच येतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. म्हणजे बाराला सुद्धा तो थोडा तिरपा, आणि पक्ष्याच्या अंगावर बाजूने ऊन येतं. मेच्या मध्यावर मात्र तो थेट डोक्यावर, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच काळ. तेव्हा दुपारी पक्ष्याची पाठ जळते आणि पोट काळं, कुठलाही आकडा लावा. एक्सपोजरने हे सुटत नाही. मेमध्ये साडेनऊला कॅमेरा आवरलेला बरा.

नियमावर डोळे झाकून विसंबायचं नसेल, आणि नसावंच, तर जागेवर पडताळणी करायचे दोन मार्ग आहेत. पहिला, उन्हातल्या एखाद्या मध्यम उजळ वस्तूवर फ्रेम भरून मीटर वाचायचं. उसाची किंवा गवताची ताजी हिरवी पानं जवळपास मध्यम असतात. जुना, उडालेला डांबरी रस्ताही. वाळलेलं गवत मध्यमपेक्षा दोनेक क्लिक उजळ, काळी माती स्टॉपभर तरी गडद. काहीच नसेल तर स्वतःचा तळहात उन्हात धरा. गोऱ्या-सावळ्या बहुतेकांचा तळहात मध्यमपेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ असतो, मीटरने सांगितलेल्या आकड्याला एक स्टॉप उजळ करून घ्या. फक्त ती वस्तू पक्ष्यासारख्याच उन्हात हवी, आणि सूर्य त्याच दिशेने. झाडाच्या सावलीत उभं राहून तळहात मोजलात तर काही उपयोग नाही.

दुसरा मार्ग चाचणी फोटोचा, आणि मी जास्त भरवसा यावरच ठेवतो. पोचल्याबरोबर समोर जो पांढरा पक्षी दिसेल त्याचा एक फोटो घ्या, लांब असला तरी चालेल. हायलाइटची चेतावणी चालू ठेवा, म्हणजे जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. नुसता हिस्टोग्राम इथे फसवतो. बगळा फ्रेममध्ये लहान असेल तर त्याचा आलेखातला वाटा उजवीकडची एक बारीक रेघ एवढाच असतो, ती डोळ्याला दिसतही नाही. फोटो मोठा करून पाठीवर आणि खांद्यावर लुकलुकतंय का बघा. लुकलुकत असेल तर एक क्लिक गडद, पुन्हा फोटो. किंचित एखादा ठिपका लुकलुकला तर घाबरू नका, चेतावणी जेपेगवरून येते आणि रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असते. पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवलीत तर चेतावणी रॉच्या जास्त जवळ जाते. हा आकडा मिळाला की तुमचा पांढऱ्याचा आकडा ठरला. त्यापेक्षा दोन क्लिक उजळ तो मध्यमचा, चार क्लिक उजळ तो काळ्याचा.

स्क्रीन किती उजळ दिसतेय यावरून मात्र काहीही ठरवू नका. उन्हात डोळ्याची बाहुली इतकी आवळलेली असते की बरोबर आलेला फोटोही गडद वाटतो. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्येही तेच होतं, आणि माणूस उजळ करत जातो. झेब्राची सोय असेल तर ती लावा, पांढऱ्यावर पट्टे उमटले की कळतं.

पक्षी उडाल्यावर काय बदलायचं, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. तो उन्हातून उन्हात जात असेल तर काहीही नाही. मॅन्युअलचा सगळा फायदा इथेच आहे. पाणकावळ्याच्या थव्यामागून अचानक सुरय आला तर चार क्लिक गडद, बस. त्या क्लिक न बघता मोजता यायला हव्यात, नजर व्ह्यूफाइंडरमधून न काढता. म्हणून दरवेळी एकच डायल फिरवा, शक्यतो शटरचा. कधी आयएसओ, कधी शटर असं केलंत तर ऐन वेळी आपण कुठे आहोत तेच आठवत नाही. याचा सराव करायला लांब जावं लागत नाही. घराजवळचा कावळा काळा, दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा म्हणजे बगळा, रस्त्यावरचं कबूतर मध्यम. या तिघांमध्ये क्लिक मोजत फिरा. मुंबईत असाल तर हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागे कुरव लागतात, पांढरे, भरपूर आणि अगदी जवळ. बोट वळली की ऊन पाठीमागून बाजूला जातं, कधी समोर येतं, पार्श्वभूमी पाणी-आकाश-डोंगर अशी बदलत राहते. एका फेरीत जेवढं शिकून होतं तेवढं आठवडाभर वाचून होणार नाही. फक्त त्यांना गाठी-चिवडा फेकणाऱ्यांत तुम्ही जाऊ नका. ते त्यांचं अन्न नव्हे, आणि फेकलेल्यावर झडपणाऱ्या कुरवाचे फोटो तसेही एकसारखेच दिसतात.

मॅन्युअल कधी सोडायचं, तेही सांगतो, कारण काही मंडळी त्याचा धर्म करून बसतात. आकाशात तुटक ढग असतील आणि मिनिटा-मिनिटाला ऊन जात-येत असेल, तर पातळ ढगाने एक स्टॉप आणि दाट ढगाने दोन-तीन स्टॉप पडतात. तिथे आयएसओ ऑटो करून कॉम्पेन्सेशनने काम चालवणं शहाणपणाचं. कर्नाळ्यासारख्या जंगलात पक्षी कवडशातून सावलीत उड्या मारतो तिथेही तेच. पूर्ण अभ्राच्छादित पावसाळी दिवस मात्र पुन्हा मॅन्युअलला सोयीचा, कारण प्रकाश कमी असला तरी बराच वेळ सारखा राहतो. कॅमेऱ्यात सेटिंग साठवून ठेवायला सी १, सी २ किंवा यू १, यू २ अशा जागा असतात, त्यांतली एक उन्हाच्या मॅन्युअलला द्या आणि दुसरी ऑटो आयएसओला. पक्षी सावलीत शिरला की डायलचा एक खटका.

शटरबद्दल एक गोष्ट राहिली. पांढऱ्याला १/४००० आणि काळ्याला १/१६०० यात वेगाचा फरक आहे, पण पाणकावळा किंवा शराटीसाठी १/१६०० पुरतं. कोतवाल किडा धरायला झेपावत असेल, किंवा वेडा राघूच्या मागे असाल, तर आधीच आयएसओ ८०० ठेवून सगळं शटर एक स्टॉप वर न्या. उन्हात ८००ला घाबरायचं कारण नाही. दाणे दिसतात ते कमी एक्सपोजर करून नंतर घरी उचललेल्या सावल्यांत.

शेवटचं, तुम्ही लिहिलंय की अकरानंतरचे रोहितांचे फोटो 'एक्सपोजर बरोबर असूनही मऊ' आलेत. ते एक्सपोजरचं नाही आणि लेन्सचंही नाही. ऊन तापलं की पाण्यावरची आणि चिखलावरची हवा हलायला लागते, आणि दीडशे मीटरवरचा पक्षी तिच्यातून थरथरत पोचतो. शटर १/८००० केलंत तरी ती थरथर गोठलेल्या स्थितीत फोटोत येते. तेव्हा जवळ, वीस-तीस मीटरवर काही असेल तर तेच टिपा. नसेल तर नाववाल्याला काठावर न्यायला सांगा आणि चिलापी मासे खाऊन घ्या. साडेतीननंतर पुन्हा निघता येतं.